अक्का, 'फकिरा' कुठल्या फळीवर ठेवायचा?

ति. अक्का,


परवा फोनवर म्हणालीस, 'एवढा शिकलास, अजून खुनाच्याच गोष्टी वाचतोस?' हे तू म्हणावंस? इस्लामपूरच्या घरात पिठाच्या डब्यामागं बाबूराव अर्नाळकर लपवायचं कोण? गुरुनाथ नाईकांचं नवं पुस्तक आलं का बघायला मला भर उन्हात सायकलवर पिटाळायचं कोण? वर शेवटचं पान आधी वाचायचं आणि मी निम्म्यात असताना 'दिवाणजीनंच मारलंय' म्हणून मोकळं व्हायचं! त्याला अजून माफी नाही.

पण चटक तूच लावलीस. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, नाईकांनीही. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद माझ्या हाती लागला तोवर तू सासरी गेली होतीस. समीक्षकांनी ही मंडळी कायम ओसरीवरच बसवली. वाचकांनी मात्र पानं सुटेस्तोवर पुस्तकं फिरवली.

अर्नाळकरांचा काळापहाड पोलिसांच्या हातावर तुरी देऊन निसटला की आपण किती खूश व्हायचो! मग अण्णाभाऊ साठ्यांचा 'फकिरा' आपल्या पुस्तकांच्या फळीवर का नव्हता गं? वाटेगाव काय लांब होतं? अण्णाभाऊ तिथलेच, जन्म 1920 चा. तेव्हा आपला वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात होता. 1959 च्या त्या कादंबरीत लुटलेला खजिना आहे, पाठलाग आहे, फितुरी आहे. फक्त लुटणारा कोण, ते लपवलेलं नाही. कोडं निराळंच: दुष्काळात उपाशी माणसांसाठी लूट करणारा गुन्हेगार, की जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवून चावडीवर हजेरी घेणारं सरकार? 1871 साली इंग्रजांनी आणलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952 पर्यंत टिकला. इथं शेवटचं पान आधी उघडून काही हाती लागत नाही.

कायदा गेला, पण आपल्या आळीतलं तुला आठवतंय ना? शेजारच्या काकूंची बोरमाळ गेली. माळ शोधायच्या आधीच पोलिसांनी पूर्वी गुन्हेगार ठरवलेल्या वस्तीतला एक माणूस उचलला. चार दिवसांनी माळ काकूंच्याच कणगीत, जोंधळ्यात सापडली. त्या माणसाला नेताना तू उंबऱ्यात उभी होतीस, हातात बोट घालून मिटलेलं पुस्तक. प्रत्येक गोष्टीतला खुनी आधी ओळखणारी तू, त्या दिवशी कुणाला ओळखलं होतंस? लिही मला.

तुझा,
बापू