ण बाणाचा

अंकलिपीतला 'ण बाणाचा' जरा चमत्कारिकच. कमळाचा क शब्दाच्या तोंडाशी असतो. ण मात्र बाणाच्या शेपटाला लटकलेला, कारण ण-ने सुरू होणारा शब्द मराठीला सापडलाच नाही. तरी साठी उलटलेला माणूसही तो बाण विसरत नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ ॲलन पैव्हिओ यांनी १९७१ साली पुस्तकरूपाने मांडलेलं कारण असं : चित्र जोडीला आलं की मनात दोन नोंदी होतात, एक शब्दाची आणि एक प्रतिमेची. एक पुसट झाली तर दुसरी हाताशी राहते. कुणी म्हणेल, 'तरीही' या शब्दाचं चित्र काढून दाखवा. खरं आहे, नाही काढता येत. आणि असे निराकार शब्दच पाठ व्हायला जास्त त्रास देतात.

आठवण जागवणारा म्हणून वासाची कीर्ती मात्र त्याच्या कामापेक्षा मोठी आहे. गंधाचा संदेश मेंदूतल्या थॅलॅमसच्या नाक्यावर न थांबता भावनांशी संबंध असलेल्या ॲमिग्डालापर्यंत पोचतो, म्हणून वासाने आलेली आठवण जिवंत वाटते. पण जिवंत म्हणजे अचूक नव्हे. फ्रँक शाब यांच्या १९९० सालच्या प्रयोगात लोकांनी शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहिले आणि दुसऱ्या दिवशी अचानक ते आठवायला सांगितलं गेलं. ज्यांच्या खोलीत दोन्ही दिवशी चॉकलेटचा वास होता त्यांना जास्त शब्द आठवले. एकाच दिवशी असून फायदा झाला नाही. म्हणजे वास शब्द धरून ठेवत नाही, ठेवल्या जागी परत नेतो. अभ्यासाच्या टेबलावर अगरबत्ती लावणाऱ्यांनी परीक्षेच्या हॉलचाही विचार करावा! यावर यॉर्कच्या यॉर्विक संग्रहालयाचा दाखला देता येईल. तिथे व्हायकिंग वस्तीचे वास मुद्दाम सोडलेले असतात, आणि सहा-सात वर्षांपूर्वी येऊन गेलेल्यांना तेच वास हुंगायला दिल्यावर तिथली माहिती अधिक आठवली, असं १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. दाखला भक्कम आहे, पण तोही माझ्याच बाजूचा : जळक्या लाकडाचा, डांबराचा तोच वास पुन्हा नाकाशी आणावा लागला. बाणाच्या चित्राला ही अट नाही. डोळे मिटले तरी ते समोर येतं.

डांबरगोळ्यांची जुनी ट्रंक उघडली की माणूस म्हणतो, आजी अगदी समोर उभी राहिली. तिचा पदर, दुपारचं ऊन, सगळं. ती काय म्हणायची, असं विचारलं तर मात्र तो घुटमळतो.