शेजारधर्म

गुडघे फुटलेले मूल पाहून मी सहसा चिंतेत पडत नाही. खेळत्या वयाचे ते लेणेच. परंतु कान, मान वा पाठीवरचे वळ निराळे काही सांगत असतात. अद्याप चालूही न लागलेल्या तान्ह्याच्या अंगावर तर काळानिळा डाग सहसा उमटतच नाही.

वीस वर्षांपूर्वी एक आई चार वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. पाठीवर वळ होते. "जिन्यावरून पडली," ती म्हणाली. मी मलम लिहून दिले व गप्प राहिलो. महिनाभराने त्या मुलीचा हात मोडला.

पुढे कळले, की नवरा परगावी, मदतीला कोणी नाही आणि रात्र रात्र जागलेली ती एकटी. मुलीचे रडणे शेजारी ऐकत. पण 'त्यांच्या घरचा प्रश्न' म्हणून दारे लावून घेत.

वाचकहो, अशा वेळी दार उघडा. थकलेल्या आईला म्हणा, "ताई, तासभर मुलीला आमच्याकडे राहू द्या." दोष न देता आधार द्या. तरीही मूल धोक्यात आहे असे वाटले, तर १०९८ या क्रमांकावर कळवा. ही सेवा विनामूल्य व अहोरात्र आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती कळवणे बंधनकारकच आहे. पुरावे शोधण्याचे काम तपासयंत्रणेचे. आपण शंका वेळेवर कळवावी. मी तेव्हा कळवली नव्हती.