विसरवाडीचा रस्सा

खानदेशच्या रस्त्यांवरून : प्रवासाची दैनंदिनी

मंगळवार, नंदुरबार ते विसरवाडी

नंदुरबार सोडण्याआधी सकाळी मिरचीच्या पथारीवर जाऊन आलो. शहराबाहेरच्या मोकळ्या रानात ओली लाल मिरची पसरून उन्हात वाळवतात. नाकातोंडाला फडकी बांधलेल्या बाया ओळीने बसून देठ खुडत होत्या. पाच मिनिटांत माझे डोळे चुरचुरू लागले. त्या दिवसभर तिथेच असतात. देशातल्या मोठ्या मिरची बाजारांत नंदुरबारचं नाव घेतात ते या हातांच्या बळावर.

दुपार टळताना विसरवाडीला पोचलो. गाव नवापूर तालुक्यातलं. सेंधव्याहून खेतिया, शहादा, नंदुरबार करत आलेला रस्ता इथे सुरत-धुळे महामार्गाला मिळतो. हजिऱ्याहून थेट ओडिशातल्या पारादीपला जाणारा हा महामार्ग, पूर्वीचा सहा नंबर, आता त्रेपन्न. धुळ्याकडून येणारी गाडी कोंडाईबारीचा घाट उतरली की चालकाला चहा आणि जेवण आठवतं आणि समोर विसरवाडी येते. गावच्या खानावळी या घाटावर जगतात.

रात्री अशाच एका खानावळीत जेवलो. वर पत्रे, आत मोजकी टेबलं, मागच्या दाराने थेट घराचं स्वयंपाकघर. वडील भट्टीपाशी, आई भाकरीवर, मुलगा वाढायला, सून वाटणाच्या भांड्याशी. शिरताच आई म्हणाली, "बसा भाऊ, भाकर गरम शे." मी शेवभाजी मागितली.

काळ्या मसाल्याच्या रश्शावर लाल तर्री आली होती आणि जाड तिखट शेव नुकतीच आत पडली होती. पहिल्या घासाला शेव कुरकुरीत लागली, तिसऱ्या-चौथ्या घासाला रस्सा पिऊन मऊ झाली. शेव शेवटीच का टाकता, असं विचारलं. वडील म्हणाले, "आधी टाकली तर पिठलं होतं. गिऱ्हाईक बसल्यावरच टाकायची."

मला तोक्यो आठवलं. आसाकुसाच्या एका गल्लीत नवरा-बायको चालवत असलेल्या दुकानात मी रामेन खाल्लं होतं. वाडग्याच्या तळाशी सोयाचा खारट अर्क, त्यावर तासन्‌तास उकळलेला हाडांचा रस्सा आणि अगदी शेवटी शेवया. त्याही थांबत नाहीत, फुगतात. म्हणून तिथे माणसं गप्पा न मारता वाडगा संपवतात. याच आसाकुसात १९१० साली ओझाकी कानइची यांनी योकोहामाहून चिनी आचारी आणून 'राईराईकेन' काढलं. जपानी रामेनच्या इतिहासात त्या दुकानाचं नाव पहिल्या ओळीत येतं. खाणारे होते शहरातले कष्टकरी : कमी पैशांत, कमी वेळात, पोटाला आधार देणारं गरम जेवण हवं असलेले. विसरवाडीच्या टेबलांवर माझ्या शेजारी बसलेल्या ट्रकचालकांची गरज तीच होती.

बुधवार, विसरवाडी

कालची चव कशी जुळते ते पाहायचं होतं. परवानगी मागितली तर आई म्हणाली, "सकाळी लवकर या, मग समजेल." गेलो तेव्हा निखाऱ्यात कांदे भाजायला ठेवलेले होते आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या जाळावर काळ्या होत होत्या. सून भाजलेला कांदा सोलून लसूण, आलं, कोथिंबिरीबरोबर वाटत होती. रोजचं वाटण मिक्सरवर होतं, ठेच्याला मात्र अजून पाटा लागतो.

मसाला वर्षाचा असतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात मिरच्या आणि धणे कडकडीत वाळवायचे, दगडफूल, लवंग, तमालपत्र, खसखस एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, मग कुटून बरण्यांत दाबून भरायचा. या कामाला घरातल्या बायका आणि शेजारणी लागतात. मिरची नंदुरबारचीच.

वडिलांनी फोडणी दाखवली. वाटण तेलात परतत राहायचं, कडेने तेल सुटेपर्यंत हात थांबवायचा नाही. मग आधणाचं पाणी. गार पाणी ओतलं तर तर्री बसते आणि पुन्हा वर येत नाही. सगळं कसब या दहा-पंधरा मिनिटांचं, पण त्याच्यामागे उन्हाळ्यातले ते दिवस आहेत.

कोंबडीचा विषय निघाला तेव्हा आईचा आवाज बदलला. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत बर्ड फ्लू सापडला. भारतातली ती पहिली नोंद. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. २०२१ मध्ये तो नवापुरात पुन्हा आला. "दोन्ही वेळा कोणी कोंबडीकडे पाहीना," ती म्हणाली. "शेवभाजीनं घर चालवलं."

या घरात पगार घेणारा एकच, भांडी घासणारा गडी. आईच्या पहाटेला, सुनेच्या वाटणाला, वैशाखातल्या मसाल्याला बिलात कुठेच जागा नाही. थाळी आपल्याला परवडते ती त्यामुळे. आपण मात्र 'स्वस्त आणि मस्त' म्हणून पुढे निघतो. मला हे शब्द यापुढे वापरायचे नाहीत. ती थाळी स्वस्त नाही, तिची उरलेली किंमत दोन बायका भरतात.

गुरुवार, विसरवाडी ते नवापूर

सकाळी सुनेशी बोलणं झालं. भट्टीवर आता तीही उभी राहते. परिसरातले गावित, भिल्ल, कोकणी असे आदिवासी गिऱ्हाईक ओळखून तिने नागलीची भाकरी आणि तुरीची घट्ट डाळ सुरू केली. सासऱ्यांना आधी पटलं नव्हतं, आता दुपारी पहिली तीच संपते. डाळ इथल्याच डोंगरउताराची. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दिल्ली-मुंबईच्या दुकानांत त्या शिक्क्याचा भाव लागतो, इथे ती रोजच्या ताटात असते.

"महामार्ग चौपदरी झाला की गाड्या थांबतील का?" तिने विचारलं. फागण्यापासून गुजरातच्या सीमेपर्यंतचं हे रुंदीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. रस्ता सुधारायला हवाच, खड्ड्यांत आणि घाटात माणसं जातात. पण वेगाने जाणारी गाडी मोठं पार्किंग असलेल्या हॉटेलापाशी थांबते, पत्र्याच्या छपरापाशी नाही. जपानमध्ये अशी कित्येक जुनी घरगुती दुकानं पुढे चालवायला कोणी नाही म्हणून बंद होतात. इथे चालवणारी तयार आहे, भट्टीपाशी उभी आहे. तिला गिऱ्हाईक पाहिजे.

दुपारी नवापूर गाठलं. रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातमध्ये. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत होतात. फलाटावर पुढचा बेत ठरवला. उद्या सोनगढमार्गे उकाई. तापीवरच्या त्या धरणाच्या पाण्याखाली नवापूर तालुक्यातलीही गावं गेली. त्या विस्थापितांना भेटायचं आहे.

वाचकांना एवढंच सांगतो. सुरत-धुळे रस्त्याने जाणार असाल तर जेवणाची वेळ विसरवाडीला पडेल असं निघा. ज्या खानावळीच्या मागच्या दारातून घर दिसतं तिथे बसा. शेवभाजी मागवा, शेव मऊ होण्याआधी सुरुवात करा, आणि निघताना रश्शाचं वाटण कोणी वाटलं ते विचारून तिला सांगा की जेवण उत्तम होतं.