पिर्नाचा बाजारचौक

ड्रेस्डेनला आमच्याकडे भारतातून पाहुणे आले की झ्विंगरमधलं चित्रसंग्रहालय ठरलेलं. सगळे राफाएलच्या मॅडोनापाशी जातात. गेल्या मे महिन्यात आईबरोबर माझा धाकटा भाऊ आला होता. वय 42, डाउन सिंड्रोम आहे त्याला. तो मॅडोनापाशी रेंगाळलाच नाही. थांबला तो बेलोट्टोच्या पिर्ना गावाच्या चित्रापुढे.

बेलोट्टो व्हेनिसचा, सॅक्सनीच्या दरबारातला चित्रकार. मामा कॅनालेट्टो इतका प्रसिद्ध, की भाच्यानेही तेच नाव लावलं! 1753 नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याने पिर्नाची 11 मोठी तैलचित्रं काढली. हे त्यातलंच. बाजारचौक, मधे टाउन हॉल, मागे चर्चचं उंच छप्पर आणि वर टेकडीवर झोनेनश्टाइनचा किल्ला. भावाने चित्रातली माणसं दोनदा मोजली, दोन्ही वेळा वेगळी भरली.

“ताई, इथे जायचं.”

पिर्ना एस-बानने अर्ध्या तासाच्या आत. पावणेतीनशे वर्षांनंतरही चौक जवळपास तसाच आहे. भावाने पिशवीतून जलरंगांची पेटी काढली, कॉफीच्या कपातच ब्रश बुचकळला (कॉफी माझी होती) आणि दोन तास मान वर केली नाही. आईने शेजारी बसून डब्यातल्या दशम्या संपवल्या.

“वर काय आहे गं?” त्याने किल्ल्याकडे बोट दाखवलं.

मला माहीत होतं. 1811पासून तिथे मनोरुग्णांचं नावाजलेलं रुग्णालय होतं. त्याच आवारात 1940-41मध्ये नाझींनी मानसिक आजार किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या 13,720 जणांना तळघरात विषारी वायूने मारलं. माझ्या भावासारख्यांना. आता तिथे स्मारक आहे.

“जुना किल्ला आहे,” मी म्हटलं. “चढ फार आहे, आईचे गुडघे दुखतील.” आईने माझ्याकडे पाहिलं. गेल्याच महिन्यात ती पर्वती चढून आली होती.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच वर जाऊन आले. तिथे भिंतीवर फोटो आहेत. काही जण हसतायत.

भावाचं चित्र आता आमच्या जेवणाच्या टेबलासमोर आहे. त्यात चौक एवढासा आणि किल्ला सगळ्यांत मोठा, पिवळाधमक, खिडक्याखिडक्यांतून माणसं. दर रविवारी फोनवर तो विचारतो, “पुढच्या वेळी वर जायचं ना?”

मार्चची तिकिटं काढली आहेत. आई म्हणते, त्याला सांग. कसं सांगायचं, ते तिलाही सुचत नाही.