नोंथाबुरीतला गुरुवार

सकाळचे आठ वाजतात आणि मेट्रोचं अख्खं स्टेशन जागच्या जागी थांबतं! कर्ण्यांतून थायलंडच्या राष्ट्रगीताचे सूर घुमू लागतात. फाटकापाशी कार्ड पुढे केलेला माणूस तसाच उभा. बर्फाळ कॉफीचा पेला ओठांशी नेलेली मुलगी तशीच. फरशी पुसणाऱ्या मावशींनी काठी सरळ धरलेली. शेकडो माणसं, आणि हलतोय तो फक्त सरकता जिना. मिनिटभर. शेवटचा सूर विरतो न विरतो तोच गर्दी पुन्हा धावत सुटते. दादरच्या पुलावरची आठची गर्दी अशी कुणी थांबवून दाखवावी! संध्याकाळी सहाला पुन्हा तेच. तेव्हा तर बागेत पळणारी माणसंसुद्धा घाम निथळत ताठ उभी राहतात. गीताची चाल 1932 सालची, म्हणजे राजाची निरंकुश सत्ता संपून राज्यघटना आली त्या वर्षीची. आजचे शब्द 1939 चे.

नोंथाबुरी हे बँकॉकच्या उत्तरेला, चाओ फ्राया नदीच्या काठावरचं शहर. माझी मावसबहीण इथल्या एका सरकारी शाळेत इंग्रजीतून विज्ञान शिकवते. पुण्यात वाढलेली आमची ही ताई आता शेजारच्या आजींसमोरून जाताना आपसूक कमरेत वाकते. मी पाहतच राहिले! "इथे पुस्तक नंतर येतं गं," ती म्हणाली, "आधी हात, मान, गुडघे शाळेत जातात." पुढचे दिवस मी हेच पाहत हिंडले. अजूनही डोळ्यांसमोरून जात नाही.

शाळेच्या फाटकाचंच घ्या. आईवडिलांच्या स्कूटरवरून मुलं उतरतात. पांढरे शुभ्र सदरे, खिशावर निळ्या दोऱ्याने भरलेलं नाव, मुलींच्या गळ्याशी गडद निळी फीत. फाटकात पाळीच्या बाई उभ्या. प्रत्येक मूल त्यांच्यासमोर थबकतं, हात जोडतं, मान झुकवतं आणि मगच आत पळतं. एकही मूल सुटत नाही. आणि हात नुसते जोडून भागत नाही! भिक्खूंसमोर अंगठे भुवयांच्या मधोमध टेकायचे, आईवडील आणि शिक्षकांसमोर नाकाच्या शेंड्याला, इतर मोठ्यांसमोर हनुवटीला. आपल्याकडे नमस्कार एक तर उभ्याने, नाही तर वाकून. इथे इंचाइंचाला मान बदलतो आणि सहा वर्षांच्या पोराला तो फरक पाठ असतो.

आठला मैदानावर झेंडावंदन. आपल्याकडे ते 15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि 1 मेला; इथे रोज. दोन मुलं दोरी ओढतात, आणि लाल-पांढरा-निळा पाच पट्ट्यांचा झेंडा गीत संपतं नेमक्या त्याच क्षणी काठीच्या टोकाला पोचतो. सेकंदभर आधी नाही, नंतर नाही. मग बुद्धवंदना, मग सूचना. आपल्या परिपाठासारखंच सगळं, पण उन्हात, आणि चुळबुळ जवळजवळ नाहीच.

आता तो गुरुवार. शाळा मेच्या मध्याला उघडते आणि जूनमधल्या एका गुरुवारी 'वाय ख्रू' असतं, गुरुवंदना. गुरुवारच का, तर इथेही हा वार बृहस्पतीचा, देवांच्या गुरूचा. आदल्या दुपारपासून वर्गावर्गांत फुलांचा खच पडलेला. जरबेरा, शेवंती, मखमल, गुलाब, मोगऱ्याच्या कळ्या, केळीची पानं. मुलं जमिनीवर फतकल मारून तबकं सजवतायत. तबकं तरी कसली, उंच पायांची, त्यांवर फुलांचे मनोरे! कुणी नाव केली होती, कुणी उघडं पुस्तक, कुणी मोर. आमच्या शाळेत गुरुपौर्णिमेला बाईंना एक गुलाब द्यायचा, एक भाषण ऐकायचं आणि सुटायचं. ही तबकं पाहून मी खुळावलेच.

सकाळी सभागृहात दोन हजारांच्या आसपास मुलं जमिनीवर ओळीने बसलेली. पंखे गरगरतायत, उदबत्तीचा धूर, ओल्या फुलांचा आणि इस्त्रीच्या कापडाचा वास. व्यासपीठावर बुद्धाची मूर्ती, खाली खुर्च्यांवर शिक्षक. मुख्य विद्यार्थी एक ओळ म्हणतो आणि दोन हजार गळे ती उचलतात. पालीतून सुरू होणारं स्तवन खालच्या पट्टीत लाटेसारखं सरकत येतं. मग प्रत्येक वर्गातून एक मुलगा, एक मुलगी तबक घेऊन निघतात. चालत नव्हे, गुडघ्यांवर! पाठ वाकलेली, तबक तोललेलं, नजर खाली. शिक्षकांपाशी येऊन तबक देतात आणि कपाळ जमिनीपर्यंत नेतात.

आणि त्या तबकात काय असावं? दूर्वा! मी ताईचा दंड धरला. आपल्या गणपतीच्या डोक्यावरच्या त्याच दूर्वा, हरळीचं ते साधं गवत. तुडवलं तरी मरत नाही, पाणी मिळालं की सरसरत पसरतं. तशी चिकाटी आणि तशी विद्या यावी म्हणून. सोबत इक्झोराची लाल फुलं, त्यांच्या कळ्या सुईसारख्या टोकदार, तशी बुद्धी व्हावी म्हणून. लाह्या. आणि वांग्याचं फूल! फळ धरण्याआधी ते खाली मान घालतं, म्हणून. भरल्या वांग्याच्या रश्श्यापलीकडे मी त्या झाडाकडे कधी पाहिलं नव्हतं. लाह्या आपण लग्नात अग्नीला देतो, दूर्वा देवाला वाहतो. इथे हे सगळं माणसाला वाहिलं जातं, पगारी सरकारी शिक्षकाला.

शेवटी मुख्याध्यापकांनी पाठ्यपुस्तकावर सुगंधी पांढऱ्या लेपाचे तीन ठिपके लावले. दसऱ्याचं पाटीपूजनच! ताईसमोर तिच्याहून उंच मुलगा गुडघ्यांवर आला तेव्हा ती ताठ बसली होती. डोळे मात्र भरलेले. "पुण्यात बारा वर्षं शिकवलं," ती नंतर म्हणाली, "इतकं मोठं कधी वाटलं नाही, आणि इतकी जबाबदारीही."

ताईच्या आळीच्या टोकाला बुद्धविहार आणि त्याच्याच आवारात प्राथमिक शाळा. थायलंडात अशा शाळा गावोगाव आहेत. पूर्वी मुलगे भिक्खूंकडेच अक्षरं गिरवत. वर्गाबाहेर चिमुकल्या बुटांची ओळ, कारण आत अनवाणी जायचं. फळ्यावर तारीख, आणि साल 2568! बुद्धाच्या महापरिनिर्वाणापासून मोजलेलं, आपल्या इंग्रजी सालाच्या 543 वर्षं पुढे. आपलं शक पंचांगात आणि लग्नपत्रिकेत राहिलं, त्यांचं साल दुधाच्या पिशवीवर छापलेलं असतं. पहिलीची मुलं मुळाक्षरं घोळवतायत. को-काय, कोंबडीचा. खो-खाय, अंड्याचा. अगदी आपल्या 'क कमळाचा'च्याच चालीवर! अक्षरं 44, आणि क्रमही ओळखीचा, आधी क-वर्ग, मग च-वर्ग, आणि वर्गांच्या शेवटी ओठांवरचा प-वर्ग. त्यांतली दोन अक्षरं आज एकाही शब्दात वापरत नाहीत. तरी मुलं ती तितक्याच जोराने म्हणतात.

जेवण झालं की बालवर्गाची मुलं ठेंगण्या बेसिनांपुढे ओळीने दात घासतात आणि मग झोपतात. शाळेत! चटयांवर, तीसचाळीस पोरं, पंख्याखाली. बाई हजेरी घेतात तेव्हा कागदावरची नावं भारदस्त, संस्कृत-पालीतून आलेली. पण हाका टोपणनावांनी. मू म्हणजे डुक्कर, कुंग म्हणजे कोळंबी, नोक म्हणजे पक्षी. हल्लीची मुलं गोल्फ, बँक, आईस. तान्ह्या बाळावर भुताखेतांचा डोळा जाऊ नये म्हणून अशी साधी नावं ठेवायची जुनी रीत. आपल्याकडे नवसाच्या मुलाला दगडू, धोंडू, केरू का म्हणत, ते आठवलं.

शहराचे रंगसुद्धा शिस्तीने बदलतात. आठवड्याच्या प्रत्येक वाराला रंग ठरलेला: सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा, गुरुवार केशरी. सोमवारी कचेऱ्यांतून पिवळ्या सदऱ्यांचा पूर येतो, कारण आताचे राजे सोमवारी जन्मले आणि त्यांचे वडीलही. नवरात्रात मुंबईच्या लोकलचा बायकांचा डबा नऊ दिवस जसा एकरंगी होतो, तसं हे, पण वर्षभर.

संध्याकाळी बाजार. डुरियनचा वास! आपला पिकलेला कापा फणस त्यापुढे बाळबोध. नोंथाबुरीच्या बागांतल्या डुरियनची ख्याती अशी की एकेका फळाला हजारो बात मोजतात. शेजारी गाड्यांवर भाज्या, रस्से, सार, सगळं पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. हवा भरून फुगवलेल्या, रबराने करकचून बांधलेल्या. कचेरीतून परतणाऱ्या बायका बोटांत चारपाच पिशव्या लटकवून घरी निघतात आणि स्वयंपाक झाला! कुणी त्यांना नावं ठेवत नाही. आपल्याकडच्या नोकरी करून रात्री पोळ्या लाटणाऱ्या बायका डोळ्यांसमोर आल्या आणि मला थोडा हेवाही वाटला, त्यांच्या वतीने.

पण मला ज्याने जागं ठेवलं ते वेगळंच. ताईच्या तासाला मी मागच्या बाकावर बसले. प्रकाशाचं वक्रीभवन. ती छान शिकवते. "समजलं?" एका सुरात होकार. "काही शंका?" चाळीस मुलं गप्प. पाण्यातली पेन्सिल मोडलेली का दिसते, कुणालाच विचारायचं नव्हतं? ताई म्हणते, विचारायचं असतं. पण प्रश्न विचारला तर बाईंनी नीट शिकवलं नाही असा अर्थ निघेल, त्यांना अवघडल्यासारखं होईल, ही भीती. दुसऱ्याला संकोचात न टाकणं हा इथला मोठा संस्कार. तिचा फिलिपिनो सहकारी डबा खाता खाता म्हणाला, "ही मुलं नाही म्हणत नाहीत, म्हणून 'हो'चा अर्थ शोधत बसावं लागतं." परदेशी शिक्षकांची दुसरी व्यथा गुणांची. श्रेणी शून्य ते चार. शून्य मिळालं तर पुन्हा परीक्षा, पुन्हा गृहपाठ, शून्य जाईपर्यंत. आठवीपर्यंत नापास करायचं नाही, हा नियम आपल्याकडेही होता. तरी ताई त्रासते. मला वाटतं, गुडघ्यांवर येणारा तो मुलगा जितका सुंदर, तितकाच तो गप्प वर्ग महाग पडतो. दोन्ही एकाच मुळातून येतात, आणि त्यांतलं एक मला हवं, दुसरं नको, असं म्हणायची सोय नाही.

मात्र ही मुलं बोलतच नाहीत असंही नाही. केसांचं घ्या. मुलांचे केस कातरून अगदी बारीक, मुलींचे कानापर्यंत. सत्तरच्या दशकातला नियम. 2020 साली अशाच गुणी मुलांनी झेंडावंदनाच्या वेळी निषेधाच्या पांढऱ्या फिती बांधल्या, तीन बोटं वर केली आणि ती केसांच्या नियमाविरुद्ध थेट न्यायालयात गेली. 1975 चा तो नियम 2025 मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने रद्द केला. वर्गात शंका न विचारणारी पिढी, आणि सरकारला न्यायालयात विचारते, "का?" मला हे ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. अनेक शाळांत कात्री अजून चालते म्हणे.

आणि शाळा सुटल्यावर तर पाहायला हवं! फाटकाबाहेर तळलेल्या मांसाच्या गोळ्यांची गाडी, तिखटगोड चटणीचा घमघमाट, आभाळ भरून आलेलं. तीच चाळीस मुलं. ताई सोबत आहे म्हणून आधी हात जोडले, अंगठे नाकाशी, आणि मग माझ्यावर प्रश्नांची सर कोसळली. तुमच्याकडे हत्ती रस्त्यात फिरतात का? कपाळावर हे काय लावलंय? गणपती तुमचा की आमचा? शिल्पाकॉर्न विद्यापीठाच्या बोधचिन्हावर तोच आहे, माहितीये का? मुलींनी केस कापायलाच हवेत असं तुमच्या शाळेत आहे का? मी म्हटलं, उलट, दोन वेण्या आणि लाल रिबिनी, आमच्या लहानपणी तरी. हशा पिकला. कुंग नावाची एक चिमणी मुलगी मघापासून काडीला टोचलेला गोळा हातात धरून नुसती ऐकत होती. तिने ताईकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, तुमच्याकडे वर्गात हात वर करून विचारलं तर बाई रागावतात का?

"काही रागावतात," मी म्हटलं. "काही वाट बघत असतात."

तिने ते शेजारणीला थाई भाषेत सांगितलं, मग ताईला विचारलं, पाण्यातली पेन्सिल नक्की कुठे मोडते?