ओवाळणीत मिळालेले दोन दिवस

मैत्रिणींनो, सहलीला जायचे ठरले की घरात सर्वांत आधी कोण दमते? आपणच! दशम्या, चटणी, मुलांचे कपडे, सासूबाईंची औषधे, मागे राहणाऱ्यांच्या जेवणाची तजवीज... आणि मुक्कामाला पोचल्यावरही "अगं, टॉवेल कुठे ठेवलास?" आहेच. म्हणूनच गेल्या भाऊबीजेला धाकट्या भावाने तबकात पाकीट ठेवले आणि "ताई, मे महिन्यात दोन दिवस नुसतं राहायचं, काही करायचं नाही," असे सांगितले, तेव्हा मला हसू आले.

पाकिटात ताम्हिणीच्या रानाकडेला असलेल्या एका लाकडी घराचे आरक्षण होते. 'इको-केबिन' म्हणतात म्हणे! भाडे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात महिन्याचा किराणा येतो. आणि लाकडा-मातीच्या घरात आम्ही जन्म काढला, कुणी पैसा मागितला नाही!"

शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही दोघे निघालो. मुले सासूबाईंकडे. घोटावड्याहून पौड, मग मुळशी धरणाच्या काठाकाठाने रस्ता जातो. हे पाणी पाहताना मला नेहमी वर्गातला धडा आठवतो. १९२१ साली इथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरी भातखाचरे बुडाली आणि वीज मुंबईला गेली. पुढे ताम्हिणीचे जंगल लागते. २०१३ साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले. शेकरू, भेकर, बिबट्या यांचे ते घर. केबिन मात्र अभयारण्याबाहेर, खाजगी जमिनीवर होती.

घर देखणे होते. मोठी काच, पांढरीशुभ्र गादी, छपरावर सौरऊर्जेची सोय. सकाळी सातला दारावर टकटक झाली. चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली मुलगी एकदम म्हणाली, "अय्या, बाई, तुम्ही?"

माझीच विद्यार्थिनी! आठवीत माझ्याकडे मराठीला होती. आता कॉलेजात आहे, सुट्टीत इथे काम करते. मी सवयीने ट्रे घ्यायला पुढे झाले. ती म्हणाली, "बाई, तुम्ही बसा. हे माझं काम आहे."

मी बसले. पण खरे सांगू का, आयता चहा घशाखाली उतरायला वेळ लागला. घरी कुणी असा हातात कप दिला नव्हता म्हणून नव्हे. ती पुढे सहज बोलून गेली, "ही खाचरं आमच्या चुलत्यांची होती, बाई. विकली." सुरात तक्रार नव्हती. चुलत्यांनी त्या पैशातून घर बांधले, हिला कॉलेजची फी जमते. धरणात गेलेल्या जमिनीसारखी ही सक्तीने गेलेली नाही, हे मला कळते. तरी आपल्याच खाचरात ट्रे घेऊन उभी असलेली ती पोर डोळ्यांसमोरून हलत नाही. पगार वेळेवर मिळतो का, असे मी विचारले. "मिळतो," म्हणाली. तेवढ्याने बरे वाटले.

रात्री तिनेच आम्हांला काजवे दाखवले. पावसाच्या तोंडावर सह्याद्रीत काजव्यांचे झाड पेटते. नर मादीला खूण करतो, ती ही उघडझाप. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. तेवढ्यात शेजारच्या एका आवारात मोठे दिवे लागले, गाणी सुरू झाली, आणि त्या बाजूचे झाड विझल्यासारखे झाले. "दिव्यात त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही, बाई," ती म्हणाली. त्या रात्री शिकवणारी ती होती, मी विद्यार्थिनी.

मैत्रिणींनो, अशी चैन एकदा जरूर करा. आपल्यालाही विसावा हवाच. मात्र पैसे भरण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा. रात्री बाहेरचे दिवे मालवतात का? न्हाणीचे पाणी ओढ्यात सोडतात की शोषखड्ड्यात? कचरा कुठे जातो? कामाला गावातली माणसे आहेत का? उत्तर देताना पलीकडचा अडखळला, तर दुसरी जागा पाहा. काजवे पाहायचे असतील तर बॅटरीच्या तोंडाला लाल जिलेटीन कागद बांधा, अत्तर लावू नका. भर पावसाळ्यात घाटाकडे जायचा हट्ट नको. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला होता!

आणि चहा आणून देणाऱ्या मुलीला तिचे नाव विचारा. कुणी सांगावे, रानाची खरी ओळख तीच करून देईल.