चादरीवरचा उजेड

नाशिकहून मुंबईच्या रस्त्याला लागले की पांडवलेण्यांचा डोंगर येतो आणि त्याच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक लागते. आमच्या धर्मग्रामातील मुलांच्या सहली अधूनमधून तेथे जातात. परतल्यावर मुलांना विचारावे, फाळके कोण होते? उत्तर ठरलेले असते : भारतीय चित्रपटाचे जनक. उत्तर बरोबर आहे, पूर्ण गुण द्यावेत असेच आहे. तरीही त्या उत्तरात एक माणूस हरवतो असे आम्हांस वाटत आले आहे. चित्रपटाचे जनक होण्यापूर्वी फाळके छायाचित्रकार होते. माणसांना समोर बसवावे, त्यांचे चेहरे टिपावेत आणि त्यावर चरितार्थ चालवावा, हा त्यांचा व्यवसाय होता. आणि एक काळ असा आला, की माणसे त्यांच्यासमोर बसायलाच तयार होईनात.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे पंडित. मुलाने मात्र १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट धरली. पुढे बडोद्याच्या कलाभवनात प्रा. गज्जर यांनी या विद्यार्थ्यातील चिकाटी ओळखली आणि तेथील छायाचित्रणाची खोली व साधने त्यांना वापरू दिली. काचेच्या प्लेटवर चांदीच्या क्षारांचा लेप असतो. उजेड पडेल तेथे तो काळा होतो, सावली पडेल तेथे कोरा राहतो, आणि मग कागदावर सारे पुन्हा उलटे होऊन चेहरा प्रकट होतो. ही किमया हाती आल्यावर फाळके यांनी गोध्रा येथे बिऱ्हाड थाटले. परंतु १९०० च्या प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल दोघांनाही नेले. एकटे फाळके बडोद्यास परतले, तेथे पुन्हा दुकान मांडले, आणि शहरात एक वदंता पसरली : हे यंत्र माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेते, फोटो काढला की आयुष्य घटते. बडोद्याच्या राजपुत्रानेही याच भयाने प्रथम नकार दिला होता असे सांगतात. त्याची समजूत पटली. गिऱ्हाइकांची पटली नाही. धंदा बसला आणि फाळके नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवू लागले.

या भीतीला आज कोणी हसेल. आम्हांस हसू येत नाही. एका धर्मग्रामात आम्ही नवे होतो तेव्हा एक वृद्ध माउली होत्या. मिस्साला कधी चुकायच्या नाहीत, पण छायाचित्रकार दिसला की पदर तोंडावर ओढून घ्यायच्या. आम्ही एकदा विनंती केली तर म्हणाल्या, "फादर, त्या डबीत माझं आयुष्य नका हो कोंडू!" त्या गेल्या तेव्हा शवपेटीजवळ ठेवायला घरात एकही चित्र निघेना. मुलगा हवालदिल झाला. आमच्या धर्मग्रामातील फोटोस्टुडिओवाले आमचे मित्र त्या रात्री जुन्या निगेटिव्हांची खोकी उपसत बसले. नातवाच्या पहिल्या कम्युनियनचा एक सामुदायिक फोटो त्यांना सापडला. मागच्या रांगेच्या टोकाला माउली उभ्या होत्या, पदर सावरण्यापूर्वीच्या क्षणी. चेहऱ्याचा एक अंगठ्याएवढा तुकडा, तोही थोडा हललेला. मित्राने तो मोठा करून आणला. चित्र धूसर होते, पण मुलाने ते दोन्ही हातांनी धरले आणि तो कितीतरी वेळ काही बोललाच नाही.

हे आमचे मित्र आता थकले आहेत. स्टुडिओच्या जागी मुलाचे मोबाइलचे दुकान आहे. परंतु ज्या दिवसांत स्टुडिओ होता, तेव्हा संध्याकाळी मिस्सा आटोपली की आम्ही चारपाच मंडळी तेथे जमत असू : एक निवृत्त शिक्षक, एक द्राक्षबागाईतदार, क्वायरचे ऑर्गनवादक आणि आम्ही. चहा एकाचा, गप्पा सर्वांच्या. त्यांच्या खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी होती. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, त्यात ऊन थेट येत नाही, म्हणून चेहऱ्यावर तो मऊ उतरतो, हे आम्ही तेथे शिकलो. गिऱ्हाईक आले की ते लगेच कॅमेऱ्याला हात लावीत नसत. आधी पाऊसपाणी, कांद्याचा भाव, मुलीचे लग्न. एकदा आम्ही विचारले, तेव्हा म्हणाले, "फादर, स्टुलावर बसतो तो माणूस नसतो, पाहुणा असतो. तो घरचा होईपर्यंत आपण थांबायचं." भिंतीवर त्यांनी संत वेरोनिकाचे चित्र लावले होते. छायाचित्रकार तिला आपली आश्रयदाती मानतात. क्रूसाच्या वाटेच्या सहाव्या स्थानी जिने आपले वस्त्र पुढे केले आणि ज्या वस्त्रावर प्रभूचा चेहरा उमटला, ती ही स्त्री.

फाळके यांच्या आयुष्याला जे वळण लागले, त्याच्याशी प्रभूच्या चेहऱ्याचा संबंध आहे, ही गोष्ट आपल्या घरांतून फारशी ठाऊक नसते. १९११ च्या सुमारास मुंबईच्या गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या चित्रगृहात त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. तोवर छपाईचा भागीदारीतला धंदा सुटलेला, वय चाळिशीपार. पडद्यावर येशूचे जीवन सरकत असता आपल्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते, असे त्यांनीच १९१७ साली 'नवयुग' मासिकात लिहिले आहे. परक्याच्या देवाचे चरित्र पाहून कोणी तोंड फिरवतो, कोणी नक्कल करतो. या गृहस्थाला आपल्या माणसांचे चेहरे आठवले. आम्हांस ही भक्तीचीच एक जात वाटते, मग देव कोणताही असो.

त्यानंतरचे दिवस वेडाचे होते. रोज चार-पाच तास चित्रपट पाहणे आणि उरलेला वेळ प्रयोग, यांत डोळे गेले. काही काळ खरोखरच दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. ज्याने आयुष्यभर उजेड मोजला, त्याचे डोळे उजेडानेच घेतले आणि मग परत दिले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले व विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ दिवसागणिक थोडीथोडी टिपली आणि महिन्याभराची वाढ मिनिटभरात धावताना दाखविली. मित्रांनी ते पाहिले. त्यांत यशवंतराव नाडकर्णी होते. कर्ज मिळाले ते त्या अंकुराकडे पाहून, असे म्हणावयास हरकत नाही.

चेहरे मात्र अजूनही मिळत नव्हते. तारामतीच्या भूमिकेला कोणी स्त्री तयार होईना. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसविले. रोहिदासाची भूमिका स्वतःच्या मुलाला, भालचंद्राला दिली. नटमंडळींनी बाहेर विचारणाऱ्यांना आपण 'हरिश्चंद्राच्या कारखान्यात' कामाला आहोत असे सांगावे, अशी फाळके यांची सूचना असे, कारण सिनेमात काम करणे प्रतिष्ठेचे नव्हते. दादरच्या घरात ही सारी माणसे एका पंगतीला जेवत. साठ-सत्तर जणांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. १९०२ मध्ये फाळके यांच्या संसारात आलेल्या या बाईंचे काम स्वयंपाकावर संपत नसे. कच्च्या फितीला कडेने भोके पाडावी लागत, तीही अंधारात. ते काम त्या करीत. फीत धुण्याची रसायने त्या मिसळीत. आणि दिवसा, चित्रण चालू असता, पांढरी चादर ताणून उन्हात उभ्या राहत. त्या काळी चित्रण सूर्यावर चाले. ऊन एका बाजूने आले की दुसऱ्या बाजूचा गाल काळा पडे. चादरीवर आदळून परतणारा उजेड त्या गालावर पोचे तेव्हा कोठे चेहरा पुरता दिसे. दागिनेही या उद्योगात गेले, त्याची मोजदाद सर्वजण करतात. आम्हांस त्या चादरीचे अधिक वाटते. वेरोनिकाचे वस्त्र चेहरा टिपून घेते. या बाईंचे वस्त्र दुसऱ्यांच्या चेहऱ्यांना उजेड देऊन कोरेच राहिले.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड आणि माणसे घेऊन नाशिकला आले. पुढचे त्यांचे यश, कंपनी, भांडणे, काशीला निघून जाणे, परतणे, बोलपटांच्या काळातील उपेक्षा, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकातच झालेला अंत, हे सारे पुस्तकांतून आहे. त्यांनी नव्वदाहून अधिक चित्रपट केले. हाती उरले ते फार थोडे. त्या फिती नायट्रेटच्या असत, पेटत, कुजत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके यांच्या कुटुंबीयांकडून व अन्य ठिकाणांहून तुकडे गोळा केले, म्हणून आपल्याला काही तरी पाहावयास मिळते.

त्यांत १९१९ चा 'कालिया मर्दन' आहे. कृष्ण झाली आहे फाळके यांची मुलगी मंदाकिनी. कथा सुरू होण्यापूर्वी फाळके यांनी एक विलक्षण गोष्ट केली आहे : मुलीला साध्या वेशात कॅमेऱ्यासमोर बसवून तिच्या चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक दाखविले आहेत, आणि मग तोच चेहरा पाहता पाहता कृष्णाचा होतो. चित्रपट काढणाऱ्याला याची गरज नव्हती. ही ओढ स्टुडिओवाल्याची आहे. बडोद्यात ज्याच्यासमोर माणसे बसेनात, त्याला बसायला मिळालेले हे माणूस, सहा-सात वर्षांचे, भीतीचा लवलेश नसलेले.

मागे एकदा धर्मग्रामाच्या सभागृहात आम्ही हा भाग मुलांना दाखविला. मुले मंदाकिनीच्या वेडावण्यावर खदखदून हसली. आमचे मित्र पहिल्या खुर्चीवर होते, चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ वाकलेले. खेळ संपला, दिवे लागले, तरी उठेनात. आम्ही जवळ गेलो.

"फादर, पुन्हा लावायला सांगा ना," ते म्हणाले. "पोरीचा सावलीकडचा गाल पाहायचाय. तिथं उजेड आहे. कोणीतरी चादर धरली असणार."